फैज फजलला ‘एका सामन्याचा खेळाडू’ म्हणू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात एक चौकट होती. भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळायला मिळालेल्या खेळाडूंची नावं त्यात होती आणि विदर्भाचा कर्णधार राहिलेल्या आपल्या फैज फजलचंही होतं. नाव, वर्ष, धावा, आणि शेवटी एक शब्द: ‘दुर्दैवी’. गावातल्या पानठेल्यावर मी ती चौकट दोनदा वाचली. घरी आलो, जेवलो, वावरात जाऊन चन्याला पाणी दिलं, तरी तो शब्द डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलं तर काटछाट करा, पण पूर्ण वाचा एवढी विनंती.

मी हिंगणघाट तालुक्यातला कास्तकार आहे. वय अठ्ठावन्न. सात एकर कोरडवाहू, दीड एकर ओलित. शिक्षण बारावीपर्यंत. क्रिकेटमध्ये माझा अधिकार एवढाच की गावच्या टीममध्ये मी सोळा वर्षं पहिल्या नंबरवर खेळलो. तूर निघाली की ज्याचं वावर सपाट ते आमचं मैदान. मुरूम टाकून, पाणी मारून, दगडी रूळ फिरवून पट्टी करायची, तिच्यावर काथ्याची मॅट ताणून चारी बाजूंनी खिळे ठोकायचे. चेंडू कॉर्कचा. नवा कॉर्क मॅटवर पडून कुठं जाईल याचा नेम नसे. पॅड दोनच, एकाच्या डाव्या पायाला आणि दुसऱ्याच्या डाव्या पायाला. पहिली सहा-सात षटकं जो उभा राहील त्याच्या मांड्यांवर आठ-आठ दिवस काळेनिळे वळ राहायचे. मग चेंडूची शिवण बसे, तो मऊ पडे आणि खालचे पोट्टे येऊन षटकार मारत. टाळ्या षटकारांना.

आमचे शाळेतले एक गुरुजी स्कोअर लिहायचे. त्या काळी धावा लिहिल्या की काम संपे, पण हे गुरुजी प्रत्येकाने किती चेंडू खेळले तेही बाजूला रेघा मारून ठेवायचे. एका स्पर्धेत माझ्या ११ धावा झाल्या होत्या आणि मी मान खाली घालून बसलो होतो. गुरुजींनी वही पुढे केली. ११ च्या बाजूला ४१ रेघा. म्हणाले, “अकरा नको पाहू बाप्पा, हे एकेचाळीस पाह्य. हे तू खाल्ले म्हणून बाकीच्यायले गोड चेंडू भेटले.” मी तेव्हापासून क्रिकेट असंच पाहत आलोय, आणि फैज फजलकडेही असंच पाहिलं.

आधी हरारेचं सांगतो, कारण चौकटीत तेवढंच होतं. १५ जून २०१६. मृग लागून आठवडा झाला होता, पावसाचा पत्ता नव्हता, बियाणं घरात आणून ठेवलेलं. दुपारी शेजाऱ्याच्या घरी टीव्हीसमोर बसलो. झिम्बाब्वे १२३ धावांत गारद झालं. मग लोकेश राहुलच्या जोडीनं आपला फैज मैदानात उतरला. तीस वर्षांचा होता तो तेव्हा. विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळल्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. इंग्लंडमध्ये डरहॅमकडे क्लब क्रिकेट खेळत असताना त्याला बोलावणं आलं होतं. ते बोलावणंही कुणी फुकट दिलं नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये इराणी करंडकात, म्हणजे रणजी विजेत्याविरुद्ध बाकी देशाचा संघ खेळतो त्या सामन्यात, शेष भारताकडून मुंबईविरुद्ध ४८० धावांचा पाठलाग करताना चौथ्या डावात त्यानं १२७ केल्या होत्या. ब्रेबॉर्नवर, मुंबईच्या घरात. तो पाठलाग शेष भारतानं जिंकला.

हरारेत त्यानं ६१ चेंडूंत नाबाद ५५ केल्या, राहुल नाबाद ६३. एकही गडी न गमावता बाविसाव्या षटकात सामना संपला. दिवस मावळायच्या आत आम्ही घरी. त्यानंतर भारताच्या संघात त्याचं नाव पुन्हा आलं नाही. एवढं खरं आहे आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. पण संपादक साहेब, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्याला आजवर कुणी बाद केलेलं नाही, हेही तेवढंच खरं आहे. चौकटीत ५५ च्या मागे फुलीसुद्धा नव्हती. नाबादची ती छोटी फुली छापायला किती जागा लागते?

आता दुर्दैवाचं. माणूस दुर्दैवी केव्हा म्हणावा? ज्याचं काम हातून निसटलं त्याला. फैजचं काम हरारेत नव्हतंच. ते नागपुरात होतं आणि ते त्यानं पूर्ण करून दाखवलं.

आपल्या तरुण वाचकांना आज विदर्भ म्हणजे रणजीतला दादा संघ वाटतो. २०२४-२५ मध्ये अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली तिसऱ्यांदा करंडक आला, त्याच्या आदल्या वर्षी मुंबईविरुद्ध अंतिम सामना खेळलो. पण माझ्या वयाच्या माणसाला विचारा. १९५७ पासून विदर्भ रणजी खेळतोय आणि २०१७ पर्यंत अंतिम सामना सोडाच, उपांत्य सामनाही आमच्या नशिबी आला नव्हता. रणजीचे गट पडले तेव्हा आम्ही बरीच वर्षं खालच्या, प्लेट गटात. मोठ्या संघांचे खेळाडू नागपूरला यायचे, आमच्याविरुद्ध सरासरी सुधारून जायचे. पेपरात ‘विदर्भाचा डाव गडगडला’ हे शीर्षक दर हिवाळ्यात ठरलेलं. हुरड्याच्या दिवसांत ते वाचायची आम्हाला सवयच झाली होती.

त्या संघात २००३ च्या हंगामात अठरा वर्षांचा एक डावखुरा पोट्टा आला आणि जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यानं १५१ ठोकल्या. मधली काही वर्षं तो रेल्वेकडून खेळला, थोडी आयपीएलही खेळला राजस्थानकडून. पण परत आला तो विदर्भाकडेच.

मी त्याला समोर बसून पहिल्यांदा पाहिलं ते योगायोगानं. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन तास लागतील, बाहेर बसा. मी सदरकडून चालत सिव्हिल लाईन्सच्या जुन्या मैदानावर गेलो, कारण सकाळी पेपरात वाचलं होतं की सामना सुरू होतोय. रणजीला तिकीट लागत नाही. डिसेंबरची सकाळ, हवेत गारवा, चेंडू दोन्हीकडे हलत होता. स्टँडमध्ये आम्ही पन्नासही नसू. फैज खेळत होता. त्या दोन तासांत त्यानं किती चेंडू सोडून दिले याची मी गुरुजींसारखी मोजदाद करायला लागलो, आणि मग थकलो. ऑफ स्टंपच्या बाहेर चेंडू पडला की बॅट वर, हात आत, नजर चेंडूवर यष्टिरक्षकाच्या हातात जाईपर्यंत. पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझ्या बाजूला बसलेला एक कॉलेजचा पोट्टा कंटाळून निघून गेला. मला मात्र जागचं उठवेना. चांगला डवरेकरी पाहिलाय कधी? बैलजोडी अशी हाकतो की दोन्ही बाजूंच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पानही दुखावत नाही आणि तण मात्र मुळासकट निघतं. तेवढ्याच बारीक अंतरातलं काम होतं ते. बहिणीला अर्धा तास उशिरा भेटलो.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो हंगाम. २०१७-१८.

कापूस पिकवणाऱ्या माणसाला ते वर्ष विसरता येत नाही. गुलाबी बोंडअळीचं वर्ष. बोंड वरून हिरवंगार, टच्च भरलेलं, आणि फोडलं की आत चार पाकळ्यांतल्या तीन सडलेल्या. बीटी बियाण्याला अळी येत नाही असं सांगून आम्हाला ते विकलं गेलं होतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच मोसमात फवारणीच्या विषानं माणसं गेली. माझ्या सात एकरांत दुसऱ्या वेच्यालाच कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला, कापूस निघायला लागला. वेचणाऱ्या बाया म्हणाल्या, भाऊ, किलोमागे मजुरी वाढवा, हे बोंड फुटतच नाही, नखं दुखतात. आमच्या गावात कितीतरी जणांनी डिसेंबरातच उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली.

असा कवडी मिसळलेला कापूस घेऊन २१ डिसेंबरला पहाटे मी हिंगणघाटच्या बाजारात रांगेत लागलो होतो. माझ्या पुढे चाळीसेक गाड्या. हमीभाव क्विंटलला ४३२० होता, माझ्या मालाला तो मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. आणि तिकडे कोलकात्याला ईडन गार्डन्सवर विदर्भ उपांत्य सामना खेळत होता, कर्नाटकाविरुद्ध. पहिल्या डावात आम्ही १८५ मध्ये संपलो होतो, कर्नाटकानं ३०१ केल्या. दुसऱ्या डावात आम्ही ३१३ पर्यंत पोचलो. त्यांना १९८ पाहिजे होत्या आणि आदल्या संध्याकाळी ते ७ बाद १११ होते. म्हणजे तीन गडी घ्यायचे, ८७ धावा वाचवायच्या.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. बाजूच्या ट्रॅक्टरवर एक कॉलेजात जाणारा मुलगा होता, त्याच्या मोबाईलवर स्कोअर यायचा. आधी तो एकटा पाहत होता, मग मी खाली उतरून त्याच्याजवळ गेलो, मग आणखी चार जण. कर्नाटकाचा विनयकुमार गेला, पण त्यांचा मिथुन मारायला लागला. धावा कमी कमी होत गेल्या. चाळीस. तीस. वीस. मागच्या बंडीवरचे एक म्हातारे बाबा ओरडले, “काय होऊन राह्यलं रे तिकडे?”

“विदर्भाची मॅच आहे आजा. जिंकलो तं फायनल.”

“आपलं विदर्भ? फायनलले?”

त्या माणसाच्या तोंडावरचं आश्चर्य मी अजून विसरलो नाही. त्यालाही साठ वर्षं ठाऊक होती. शेवटचा गडी मैदानात, सात-आठ धावा हव्या, आणि त्या पोराच्या फोनवर ते गोल चाक फिरायला लागलं. नेट गेलं. दोन-तीन मिनिटं कुणी बोललं नाही. मग चाक थांबलं आणि अक्षरं आली: विदर्भ ५ धावांनी विजयी. कर्नाटक १९२. रजनीश गुरबाणी सात बळी. रांगेत असा कल्ला झाला की पुढच्या गाड्यांवरची माणसं भांडण लागलं समजून धावत आली. त्या दिवशी माझ्या कापसाला काय भाव मिळाला ते लिहीत नाही, पण गाडी रिकामी करून परत येताना मी गात आलो.

इंदूरचा अंतिम सामना मग तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. दिल्लीचे २९५, गुरबाणीची हॅटट्रिक, तिन्ही त्रिफळाचीत. मग आमचे ५४७, वाडकरचं शतक. फैजच्या त्यात ६७, वसीम जाफरच्या ७८. १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून जिंकलो. गुरबाणीचं नाव झालं, व्हायलाच पाहिजे. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या शिस्तीचं कौतुक झालं, तेही बरोबर. पण त्या हंगामात फैजनं ९१२ धावा केल्या होत्या, पाच शतकं. देशात त्याच्यापुढे एकटा मयंक अग्रवाल. कर्णधार पहिला मैदानात जाऊन नव्या चेंडूसमोर उभा राहतो आणि महिनोन्‌महिने तिथून हलत नाही, तेव्हा खालच्या पोरांना काय वाटत असेल? त्याआधी काही वर्षं आमचं कर्णधारपद बद्रीनाथसारख्या बाहेरून आलेल्या अनुभवी खेळाडूकडे होतं. त्यांचे उपकार आहेतच, जाफर आणि गणेश सतीश यांचेही. पण करंडक उचलला तो नागपूरच्या पोरानं. माझ्या दृष्टीनं ही गोष्ट लहान नाही.

आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उचलला. एकदा जिंकलं तर लोक नशीब म्हणतात, म्हणून दुसऱ्या वर्षाचं मला जास्त मोल. केरळविरुद्धचा उपांत्य सामना वायनाडला होता, उमेश यादवनं बारा गडी घेतले, दोन दिवसांत डावानं जिंकलो. खापरखेड्याच्या कोळसा खाणीच्या वस्तीतून आलेला उमेश. अंतिम सामना नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवर, सौराष्ट्राविरुद्ध. तो मी सोडणार नव्हतो. चौथ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं हिंगणघाटहून निघालो, जाम, बुटीबोरी करत जामठ्याला उतरलो. भाकरी आणि ठेचा बांधून नेला होता. त्या संध्याकाळी आमच्या आदित्य सरवटेनं चेतेश्वर पुजाराला शून्यावर पायचीत केलं. पुजारा! त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात ज्याला कुणाला हलवता आलं नव्हतं तो. पहिल्या डावात एक, दुसऱ्या डावात शून्य, दोन्ही वेळा सरवटेच. मी त्या क्षणी फैजकडे पाहत होतो, क्षेत्ररक्षण कसं लावतो ते. सौराष्ट्राला २०६ पाहिजे होत्या, दुसऱ्या दिवशी १२७ वर संपले. शेवटच्या दिवशी मला जाता आलं नाही, तुरीचं खळं होतं.

त्यानंतर आठवड्याभरात पुलवामा झालं. आमच्या विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान त्यात गेले, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. त्याच दिवसांत नागपुरात इराणी करंडकाचा सामना सुरू होता. विदर्भानं तो करंडक लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला आणि फैजनं जाहीर केलं की बक्षिसाची सगळी रक्कम शहिदांच्या कुटुंबांना जाईल. हे आपल्या चौकटीत यायला पाहिजे होतं, असं मला वाटतं. धावांच्या रकान्यात बसत नसेल तर दुसरा रकाना करा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, हरियाणाविरुद्ध, त्याच सिव्हिल लाईन्सच्या मैदानावर त्यानं बॅट ठेवली. नऊ हजारांवर प्रथम श्रेणी धावा, चोवीस शतकं. निवृत्तीची बातमी आपल्याकडे आली होती, आमच्या आवृत्तीत मला ती बरीच शोधावी लागली.

आता माझी मागणी. फैजवर पुन्हा कधी लिहाल तेव्हा ‘एक सामना’ हे पहिल्या ओळीत नको. पहिल्या ओळीत ‘विदर्भाला दोनदा रणजी करंडक जिंकून देणारा कर्णधार आणि सलामीवीर’ असं येऊ द्या. हरारे चौथ्या-पाचव्या ओळीत चालेल, फुलीसकट. दुसरं, विदर्भाच्या रणजी सामन्यांचा पूर्ण धावफलक छापत जा आणि त्यात चेंडूंचा रकाना ठेवा. आयपीएलच्या दिवसांत अर्धं पान भरून रंगीत फोटो येतात, त्यातला एक कमी करा. आमच्या गावातली पोरं आता मॅटऐवजी सिमेंटच्या पट्टीवर खेळतात, पहिल्या चेंडूपासून उचलून मारतात. मी त्यांना सांगतो की ६१ चेंडू काय आणि सोडलेला चेंडू काय. ती म्हणतात, काका, पेपरात तर कुठं दिसत नाही.

आणि एक वैयक्तिक विनंती. २ जानेवारी २०१८ चा आपला अंक मी जपून ठेवला होता. घरच्या पत्र्याच्या पेटीत, सातबारा आणि कर्जाच्या कागदांसोबत. २०२२ च्या जुलैत वणा नदीला पूर आला, घरात कमरेएवढं पाणी होतं. सातबारा तलाठ्याकडून पुन्हा काढता आला, तो अंक मात्र लगदा झाला. आपल्या कार्यालयात जुन्या अंकांची फाईल असेल. त्या दिवशीच्या पहिल्या पानाची एक प्रत मिळत असेल तर जो काही खर्च आणि टपाल होईल ते मी मनीऑर्डरनं पाठवतो. झेरॉक्स असली तरी चालेल, फक्त करंडक हातात घेतलेला त्याचा फोटो स्पष्ट यावा.

आपला नियमित वाचक,
एक कास्तकार
ता. हिंगणघाट, जि. वर्धा